हलत्या हाताची घोडी

घोड्यांच्या ठाणावर लीद साठते तसे किस्से साठतात. रोज सकाळी वाटतं, दोनच पाट्या आहेत, उद्या उचलू. आठवड्याने बघावं तर ढीग कमरेएवढा, आणि वर कोंबडी बसलेली. आमच्याकडे असे दोन्ही ढीग होते. लिदीचा शेतकऱ्यांनी नेला. किश्श्यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून ते तुमच्या माथी मारते.

आमच्याकडे म्हणजे हबीबचाचांच्या ठाणावर. पालम सुटलं की माळावर एक पत्र्याची शेड, एक लिंब आणि पाण्याचा हौद. घोड्या दोन, शिकणारे दोन. एक मी, लता, एसटीत कंडक्टर. दुसरे कांबळे सर, झेडपीच्या शाळेत गणित शिकवतात. चाळिशी उलटल्यावर घोड्यावर बसायचं ठरवलं, यावरून आमच्या अकलेचा अंदाज यावा. चाचा सत्तरीचे. एके काळी त्यांच्या दावणीला वरातीच्या नऊ घोड्या होत्या. मग नवरदेव उघड्या जीपमधून यायला लागले आणि दावण रिकामी होत गेली.

* * *

चाचांची ओळख बसमध्ये झाली. परभणीच्या स्टँडवर ते गाडीत चढले, बगलेत दुरुस्त करून आणलेलं खोगीर. मी म्हटलं, "चाचा, ह्याचं लगेज तिकीट लागंल."

"बाई, ही बसायची चीज हाय. तुमच्या सीटचं तिकीट फाडता का?"

"नियम हाय."

त्यांनी मुकाट तिकीट घेतलं. मग खोगीर खिडकीच्या सीटवर नीट ठेवलं आणि स्वतः बाजूला दांडी धरून उभे राहिले. गाडी भरली. लोक म्हणाले, ते खाली ठेवा, बसा. चाचा सगळ्यांना तिकीट दाखवायचे. "ह्याचं तिकीट काढलंय. ह्याला बसू द्या." पालमपर्यंत खोगीर बसून आलं आणि सत्तर वर्षांचा माणूस उभा!

मला लाज वाटली. दांडीवरचा त्यांचा हात थरथरत होता. मला वाटलं, गाडीमुळे. गंगाखेडला गाडी दहा मिनिटं उभी होती, तरी हात थरथरतच होता.

उतरताना ते म्हणाले, "उद्या सकाळी ठाणावर या. बिगरतिकीट बसवतो."

* * *

मला पहिल्यांदा बसवलं ते बेगमवर. बेगम पांढरी, वयाने कुणाचीही सासू शोभेल अशी. सगळा जन्म वरातीत गेलेला. चाचांनी मला वर ढकललं, मी लगाम धरला, बेगम निघाली. वीस पावलं चालली आणि थांबली. टाच मारली, चुचकारलं, हळूच एक शिवीही दिली. हलेना.

चाचा लिंबाखालून म्हणाले, "नाच झाल्याबिगर ती पुढं जायची न्हाई."

वरातीत दर वीस पावलांवर लोक नाचतात. तेवढा वेळ घोडीने थांबायचं, नाच झाला की चालायचं. बेगमच्या हाडात ते मुरलं होतं. कांबळे सरांनी इकडंतिकडं बघितलं. मग हा गणिताचा मास्तर दोन्ही हात वर करून भर माळावर नाचला. बेगमने मान हलवली आणि बरोब्बर वीस पावलं चालली.

माझी एक फेरी पुरी होईपर्यंत सर नऊ वेळा नाचले. शेवटी गुडघे धरून म्हणाले, "ताई, शिकायलाय तुमी, अन् घाम मला यायलाय."

* * *

दुसरी घोडी रेवडी. चाचांनी तिला माळेगावच्या यात्रेतून आणलं तेव्हा ती शिंगरूच होती. डोळ्याखाली, आसू ओघळतं तिथे, केसांचा एक भोवरा. घोडेवाले त्याला आसूढाळ म्हणतात. असलं घोडं मालकाला रडवतं म्हणे. यात्रेत लोक तिचं तोंड वर करायचे, डोळ्याखाली बघायचे आणि हात पुसत निघून जायचे. तिसऱ्या दिवशी तिने एका बाईच्या हातातला रेवडीचा पुडा कागदासकट खाल्ला. बाई तिच्या मालकाशी भांडायला लागली. चाचांनी भांडण मिटवलं आणि घोडी घेऊन आले.

लोक म्हणाले, चाचा, रडावं लागंल. चाचा म्हणाले, "रडायला घोडं कशाला लागतंय? घरचे लोक हायत की."

घरचे म्हणजे मुलगा सलीम. हैदराबादला एसी दुरुस्त करतो. तसा मनाने वाईट नाही. पालमला येऊन बापाला डॉक्टरकडे नेलं त्यानेच. डॉक्टरने कंपवात सांगितला. मोठ्या दवाखान्यात कायम औषध चालू ठेवावं लागेल, एकटं राहता येणार नाही. सलीम म्हणाला, अब्बा, चला. चाचांचं एकच उत्तर, "रेवडीला चांगल्या हाताला लावल्याबिगर मी हिथून हलत न्हाई."

सलीमने संक्रांतीपर्यंत मुदत दिली. म्हणजे आम्हाला तेवढ्यात रेवडी तयार करायची होती. तयार म्हणजे काय, तर चाचा सोडून दुसरं कुणीही पाठीवर बसलं तरी तिने चालावं. एवढंच. दीड वर्ष तिच्यावर मेहनत घेतली होती आणि एवढंच जमत नव्हतं. ती फक्त चाचांचं ऐकायची. मी किंवा सर वर बसलो की चारी पाय रोवून उभी. लगाम चाचांनी खालून धरला की निघायची, आमच्या हातात दिला की पुन्हा खांब.

* * *

तिला आवाजावर चालवून बघू, अशी अक्कल माझी. लिंबाला एक पितळी घंटा टांगलेली होती. मी तिला दोरी बांधली. चाचा लगाम धरून रेवडीला गोल फिरवायचे आणि मी लिंबाखालून घंटा ओढायची. आता कंडक्टरच्या हाताला जी सवय तेच हाताने केलं. एक ठोका थांबायचा, दोन ठोके निघायचे. महिन्याभरात रेवडी इतकी पक्की झाली की आमचे काही ड्रायव्हर लाजावेत.

सरांना तिच्यावर बसवून, लगाम धरून, चाचांनी तिला गावाकडे नेलं. वाटेत मारुतीचं देऊळ. वार शनिवार.

दर्शनाला आलेल्या पहिल्याने घंटेला एक टोल दिला. रेवडी थांबली. दुसऱ्याने दोन दिले. रेवडी निघाली. तेवढ्यात तिसऱ्याने एक. दर्शनाची रांग रस्त्यापर्यंत आलेली. चाचा ओढतायत, सर आयाळ धरून बसलेत, आणि रेवडी थांबते, निघते, थांबते, निघते. मग एका पैलवानाने घंटा धरून सलग वाजवायला सुरुवात केली आणि रेवडीने जागच्या जागी गिरक्या घेतल्या.

गर्दी ओसरेपर्यंत तासभर ते तिथेच. परत आल्यावर सर खाली उतरले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "माझ्या आजोबानं देवळाचा रस्ता सोडला. अन् मी शनिवारी तासभर मारुतीपुढं उभा."

चाचांनी त्याच दिवशी लिंबाची घंटा उतरवली. ती सवय मोडायला दोन महिने गेले. आमची प्रगती ही अशी, एक पाऊल पुढे आणि गावभर शोभा.

* * *

दसऱ्याच्या आधी बेगम गेली. म्हातारपणानेच गेली, पण सकाळी पाय लांब करून पडलेली बघितली आणि मी तिथेच बसून रडले. पहिली दुडकी चाल मी तिच्यावरच शिकले होते. त्या दिवशी घोड्याचं अंग आणि आपलं अंग एका तालात आलं ते पहिल्यांदा कळलं होतं. तो आनंद कुणाला सांगून समजत नाही.

चाचांनी माळाच्या कडेला खड्डा खणून घेतला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तिला ठेवलं, हार घातला. ट्रॅक्टर निघाला आणि थोडं पुढे जाऊन काळ्या मातीत चाक रुतून बसला. ड्रायव्हरने गिअर बदलून बघितले. हलेना.

सगळ्यांनी फक्त सरांकडे बघितलं.

* * *

दिवाळीत रेवडीला बघायला बोरीचे आबासाहेब आले. बोरी म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. मोठे शेतकरी, आजोबांच्या काळात घरी घोडी होती. म्हणाले, "दोन सरी पडल्या की रानात दुचाकी रुततीय, अन् गुडघे तर कवाच गेलेत. मला घोडंच पायजे."

आम्ही भोवरा लपवला नाही. चाचांनीच तिचं तोंड वर करून दाखवला. आबासाहेबांनी टोपी काढली. "माझ्या डोस्क्यात दोन भोवरे हायत. लोक म्हणायचे, दोन लग्नं होत्याल. एकीलाच सांभाळता सांभाळता नाकी नऊ आले."

माणूस लाखात एक. चाचांचा चेहरा खुलला. आबासाहेब वर बसले. मांड पक्की, पाठ सरळ, लगामावर हात असा की बोटसुद्धा हलू नये. आम्हाला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

रेवडी उभी. पाच मिनिटं झाली. टाच दिली, बोलले, थोपटलं. ती समोरच्या बाभळीकडे बघत उभी.

आबासाहेब उतरले, चाचांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घोडी चांगली हाय चाचा. फोटो काढायला." पण गाडीत बसताना थबकले. "चालायला लागली तर सांगा."

त्याच आठवड्यात वीटभट्टीवाला आला. आम्ही त्याला खरं ते सांगितलं, की ही चालत नाही. तो हसला. "पाठीवर विटा पडल्या की दगडबी चालतंय."

चाचा शेडमध्ये निघून गेले. सलीमने फोनवर सांगितलं, संक्रांतीपर्यंत दुसरं कुणी मिळालं नाही तर भट्टीवाल्याला देऊन टाकू. चाचा नाही म्हणू शकले नाहीत. नाही म्हणायला हातात दुसरं काहीच नव्हतं.

* * *

दिवाळीच्या सुट्टीतच सरांना थंडीताप आला. माणूस घरी झोपेल की नाही? हे सकाळी मफलर गुंडाळून हजर. म्हणाले, दिवस कमी उरलेत. दात वाजत होते. आम्ही दोघांनी धरून वर बसवलं, त्यांनी लगाम घेतला.

आणि रेवडी निघाली.

साधी निघाली नाही, पाण्यासारखी निघाली. बाभळीला वळसा घालून आली, हौदाशी वळली, पुन्हा गेली. सर वरून ओरडायला लागले, "थांबवा, मला चक्कर यायलीय!" आम्ही थांबवणार कसे? आम्ही टाळ्या वाजवत होतो.

दोन दिवसांनी ताप उतरला. सर बसले, रेवडी खांब.

चाचा बराच वेळ सरांच्या हाताकडे बघत होते. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. मांडीवर ठेवलेला तो हात एकसारखा हलत होता. मला एकदम कळलं, आणि कळायला नको होतं असं वाटलं.

"आणली तवापासून माझा हात असाच हाय," चाचा म्हणाले. "हिनं थांबलेला हात कधी बघितलाच न्हाई. लगाम हलला की हिला वाटतंय, माणूस बसलाय. न्हाई हलला तर वाटतंय, वर कुणीच न्हाई."

सर म्हणाले, "मग सोपंय चाचा. आबासाहेबाला सांगू, हात हलवत बसा."

चाचा हसले नाहीत. "पन्नास साल घोडी शिकवली. कुणाला चाल शिकवली, कुणाला नाच. अन् हिला माझी बीमारी शिकवली."

मी ड्युटीचं निमित्त करून उठले.

* * *

दुसऱ्या दिवशी मी गेले तर चाचा आधीच तयार. म्हणाले, "मीच बिघडवली, मीच सुधरवणार. तुमी फक्त माझे हात धरा."

उपाय असा, की चाचांनी रेवडीवर बसायचं, लगाम त्यांच्याच हातात, आणि दोन्ही बाजूंनी आम्ही त्यांची मनगटं घट्ट दाबून धरून बरोबर चालायचं. हात थांबलेला असताना चाचा टाच देऊन, बोलून तिला चालवणार. आमची पकड सुटली, हात हलायला लागला, की लगेच तिला थांबवायचं. थांबलेला हात म्हणजे चाल, हलता हात म्हणजे थांब. जे शिकवलं ते सगळं उलटं.

पहिले आठ दिवस ती नुसती उभी राहिली. नवव्या दिवशी तीन पावलं. मग हौदापर्यंत. सरांची उंची कमी, ते टाचा उचलून चालायचे. माझी ड्युटी सकाळची असली की मी खाकीतच यायचे. एका सकाळी आम्ही असे रस्त्याच्या कडेने निघालो. वर चाचा, एका हाताला मफलरवाला मास्तर, दुसऱ्या हाताला खाकीतली बाई, दोघांनी म्हाताऱ्याची मनगटं आवळलेली. हॉटेलवर चहा पिणारे चार जण उठून उभे राहिले.

एकाने विचारलं, "काय चाचा, कोणच्या केसमधी धरलं?"

चाचा म्हणाले, "घोडं बिघडवलं."

* * *

डिसेंबर सरता सरता सर एकटे बसले, हात स्थिर, आणि रेवडी चालली. मग मी बसले. चाल झाली, दुडकी झाली, आणि माळ मोकळा दिसला तशी मी तिला सोडली. भरधाव. कानात वारा, डोळ्यांत पाणी, बाभळी कधी मागे पडल्या कळलंच नाही. त्या दिवशी गाडीत मी प्रत्येकाला हसून तिकीट दिलं. रोजच्या एका प्रवाशाने घाबरून विचारलं, "ताई, बदली झाली का तुमची?"

आता आबासाहेबांना फोन करायला हरकत नव्हती. तरी चाचा दोन दिवस, उद्या करू, उद्या करू म्हणत राहिले. शेवटी सरांनी केला.

* * *

आबासाहेब संक्रांतीच्या आदल्या दिवशी पिकअप घेऊन आले. सलीमही आला होता. त्याने शेडमधली चाचांची पेटी बाहेर काढून ठेवली होती.

आबासाहेब वर बसले. तोच हात, बोटसुद्धा न हलणारा. रेवडी निघाली ती रस्त्यापर्यंत गेली, वळली, दुडकीने परत आली. आबासाहेब नुसती तिची मान थोपटत राहिले. मी सरांकडे बघितलं, सर चष्मा पुसत होते.

चाचांनी मला विचारलं, "लताबाई, बोरीला जायला कोणची गाडी?"

"परभणीला उतरायचं चाचा, मग जिंतूरची गाडी धरायची."

"अन् हैदराबादवरून?"



पिकअपचं फाळकं उघडलं, आत कडबा पसरला. रेवडीला चढवणार एवढ्यात चाचा म्हणाले, "थांबा. एकदा बसतो." आम्ही दोघांनी त्यांना वर बसवलं आणि सवयीने मनगटं धरली. त्यांनी मान हलवली. "सोडा. आज सोडा."

आम्ही सोडली. हात हलायला लागले. लगाम हलायला लागला, थेट रेवडीच्या तोंडापर्यंत. चाचांनी टाच दिली. ती उभी राहिली. त्यांनी पुढे वाकून तिच्या कानाशी काहीतरी म्हटलं, लहानपणापासून म्हणायचे तसं. तिने कान मागे वळवला, ऐकलं, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतला. पाऊल उचललं नाही. चाचांनी आणखी एकदा टाच दिली.

सलीम पेटीकडे बघत उभा होता. सरांना राहवलं नाही, ते मनगट धरायला पुढे झाले. चाचांनी हाताने त्यांना लांब केलं आणि तसेच बसून राहिले, पिकअपच्या ड्रायव्हरने आमच्याकडे बघून घड्याळ बघेपर्यंत.

मग आबासाहेबांना म्हणाले, "बघा आबा, एक पाऊल टाकलं न्हाई. आता बेफिकीर घेऊन जा."